तापीचं पाणी निळं नसतं: नदीचं तैलचित्र, इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं

नदीकाठी ईझल (कॅनव्हास ठेवायची घोडी) मांडून बसलं की थोड्या वेळात कुणीतरी मागे येऊन उभं राहतंच. कधी शेळ्या चारायला आलेले बाबा, कधी शाळा सुटलेली पोरं. पाच मिनिटं गुमान बघून झालं की प्रश्न येतो, "पाणी तं गढूळ हाये ना भो, निळं कामून काढलं?"

बहुतेक वेळा बाबांचंच बरोबर असतं. चित्रकारानं निळा रंग घेतलेला असतो तो समोरच्या पाण्याकडे बघून नाही. 'नदी निळी' हे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीपासून डोक्यात बसलेलं असतं. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये सेन नदीच्या काठी ज्या लोकांनी चित्रकलेची जुनी रीत मोडली, त्यांचं सगळं भांडण याच सवयीशी होतं. माहीत आहे ते रंगवायचं, की दिसतं ते? इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं तापी रंगवायची असेल तर आधी पाण्याचा रंग येतो कुठून हे बघावं लागतं. ब्रशचे फटकारे, जाड रंग, तुटक रेषा हे सगळं त्याच्या मागून येतं.

थोडा इतिहास, लागतो तेवढाच. १८६९च्या उन्हाळ्यात मोने आणि रन्वार हे दोन तरुण मित्र पॅरिसजवळच्या ला ग्रनुइएर या नदीकाठच्या सहलीच्या जागी शेजारी शेजारी बसून चित्रं काढत होते. हलणाऱ्या पाण्यावर क्षणाक्षणाला बदलणारा उजेड पकडायचा तर गुळगुळीत रंगलेपनाला वेळच नव्हता. रंगाचे आडवे तुकडे एकमेकांशेजारी ठेवायचे आणि पुढे जायचं, ही रीत तिथं घडत गेली. १८७४ साली या मंडळींनी सरकारी प्रदर्शनाला फाटा देऊन आपलं वेगळं प्रदर्शन भरवलं. पिसारो, सिस्ले, देगा, बर्थ मोरिसो असे बरेच जण त्यात होते. मोनेनं ल हाव्र बंदरातल्या सकाळचं एक चित्र मांडलं होतं, 'इम्प्रेशन, सूर्योदय' नावाचं. लुई लरुआ या समीक्षकानं त्या नावावरून सगळ्यांचीच टर उडवली, आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे टिंगलीतलं नाव कायमचं चिकटलं. नुसत्या ठिपक्यांनी चित्र भरायची सरा या चित्रकाराची पद्धत त्यानंतर बारा वर्षांनी, १८८६च्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ती वेगळी, मोजूनमापून केलेली गोष्ट आहे. तेव्हा ठिपके ठिपके म्हणजे इम्प्रेशनिझम, हा समज सोडून दिलेला बरा.

पाण्याचा रंग

नदीच्या पृष्ठभागावरून आपल्या डोळ्यात येणारा उजेड दोन ठिकाणचा असतो. एक, वरच्यावर परावर्तित झालेला: आकाश, समोरचा काठ, झाडं. दुसरा, पाण्यात शिरून आतल्या गाळावरून किंवा तळाच्या वाळूवरून परत वर आलेला. या दोहोंचं प्रमाण ठरतं ते आपण कुठल्या कोनातून बघतो त्यावर. पुलाच्या कठड्यावरून सरळ खाली वाकून पाहिलं तर संथ पाण्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम २ टक्के परावर्तित होतो, बाकीचा आत जातो. नजर पाण्याशी ३० अंशांचा कोन करत असेल तर साधारण ६ टक्के. १० अंशांवर आलं की ३५ टक्क्यांच्या आसपास, आणि ५ अंशांवर निम्म्याहून जास्त.

भौतिकशास्त्राचा हा तुकडा चित्रात सरळ उतरतो. पायाजवळचं पाणी नदीच्या पोटातला रंग दाखवतं, म्हणजे श्रावणात तांबूस-पिवळा गाळ आणि जानेवारीत हिरवट तळ. जसजशी नजर दूर जाते तसतसं तेच पाणी आकाशाचं होत जातं. म्हणून नदीसाठी पॅलेटवर (रंग कालवायच्या फळीवर) एक रंग कालवून कधीच भागत नाही. निदान दोन ढीग हवेत, जवळचा आणि लांबचा, आणि मधल्या पट्ट्यात त्यांची अदलाबदल. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापी काठोकाठ तपकिरी वाहते, तेव्हासुद्धा पलीकडच्या काठाजवळची पट्टी फिकट, राखी दिसते, ती याच कारणानं. पूर रंगवायची हौस असेल तर सिस्लेनं १८७६ साली पोर-मार्लीच्या पुराची चित्रं केली ती जरूर पाहा. रस्त्यावर पाणी चढलंय, पण चित्रात आरडाओरडा नाही. आकाश आणि पाणी यांचा हिशेब मात्र चोख.

आपल्याकडे एक अडचण आहे, ती सेनकाठी फारशी नव्हती. तापीचे काठ उंच आहेत. पिवळ्या गाळाच्या दरडी, त्यात पावसानं कोरलेल्या घळी, आणि पाणी पार खाली. दरडीच्या माथ्यावर बसलात तर तुम्ही पाण्याकडे बऱ्याच वरून बघता, म्हणजे आकाश कमी आणि गाळ जास्त. मोनेनं सेनकाठच्या आर्जांतय इथं एका होडीवर छप्पर चढवून तरंगता स्टुडिओ केला होता. एदुआर माने या चित्रकारानं १८७४मध्ये त्याला त्या होडीत चित्र काढताना रंगवलंही आहे. होडीत बसलं की डोळा पाण्याच्या अगदी जवळ येतो, आणि मग पाणी म्हणजे जवळजवळ नुसतं प्रतिबिंब. तापीवर तसं हवं असेल तर उतारावरून खाली, ओल्या वाळूपर्यंत जाऊन बसावं. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरलेलं असतं. तिथं फार उतरावं लागत नाही. सुरुवात करणाऱ्याला मी तीच जागा सुचवेन.

प्रतिबिंबाचेही दोन-तीन नियम आहेत, आणि ते मोडले की चित्र बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. पहिला: प्रतिबिंबात गडद वस्तू जरा फिकी होते आणि उजळ वस्तू जरा गडद. म्हणजे काळपट हिरव्या बाभळीचं प्रतिबिंब पाण्यात किंचित उजळायचं आणि पांढऱ्या देवळाचं प्रतिबिंब किंचित मळवायचं. दुसरा: प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या थेट खाली, उभं पडतं. सूर्य कुठेही असो, ते तिरकं जात नाही. तिरकी जाते ती सावली. लाटा असतील तर प्रतिबिंब उभं लांबतं आणि आडवं तुटतं.

तिसरा नियम जरा डोकं खाणारा आहे. प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल नव्हे. तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर आहे, तितकाच पाण्याखाली गेला असता तर जे दिसलं असतं, ते प्रतिबिंबात दिसतं. आता दक्षिण काठाच्या दरडीवर बसून उत्तरेकडे बघा. पलीकडच्या काठावरून सातपुड्याची निळी रांग डोकावते. पाण्यात मात्र सातपुडा दिसणार नाही, कारण पाण्याच्या 'खालून' बघणाऱ्याला समोरची दरडच आडवी येते. नवखे चित्रकार हमखास डोंगर पाण्यात उलटा रंगवतात. कॅलेंडरवाल्यांनी लावलेली सवय आहे ती.

मग निळं वाटतं का?

पाण्यात खरंच निळा नसेल तरी चित्रात पाणी थंड, ओलं वाटलं पाहिजे. इथं इम्प्रेशनिस्टांना एका रसायनशास्त्रज्ञाची मदत झाली. मिशेल शेव्हरल पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं धागा तपासला, धाग्यात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगामुळे काळा फिका वाटत होता. यातूनच १८३९ साली त्याचा रंगांच्या परस्परविरोधावरचा ग्रंथ आला. सांगणं असं की कुठलाही रंग आपल्या शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. तांबड्याशेजारी राखाडी हिरवट भासतो, नारिंगीशेजारी निळसर.

आता तापीचा काठ बघा. दरडीची माती ऑकर-पिवळी, संध्याकाळी तर नारिंगीच. तिच्याशेजारी साधा राखाडी ठेवला तरी तो आपोआप निळा वाटतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा मिळून होणारा उदासवाणा राखाडी पॅलेटवर चिखलासारखा दिसेल, पण काठाच्या पिवळ्याला लागून बसला की त्याचं पाणी होतं. त्याच जागी ट्यूबमधला शुद्ध निळा लावला तर तो ओरडतो, काठ मरतो, आणि बाबांना प्रश्न पडतो. माझ्या मते खानदेशातली नदी रंगवण्यातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे: निळा विकत घ्यायचा, पण पाण्यात भरायचा नाही, शेजारच्या पिवळ्याकडून तो फुकटात मिळवायचा.

तुटक फटकाऱ्यांमागेही हाच विचार आहे. दोन रंग पॅलेटवर पूर्ण कालवले की तिसरा मिळतो, पण तो बहुधा मंदावलेला. तेच दोन रंग अर्धवट कालवून किंवा नुसतेच शेजारी ठेवले तर लांबून डोळा त्यांची सरासरी घेतो आणि तरी पृष्ठभाग हलता, जिवंत राहतो. यानं चित्र जास्त 'उजळ' होतं असं बरेचदा सांगतात, त्यात अतिशयोक्ती आहे. सरासरी ती सरासरीच. फायदा आहे तो रंग मळत नाही याचा, आणि डोळा सतत कामाला लागतो याचा.

इथला उजेड

मोनेची नदीची चित्रं मोबाइलवर बघून तसेच जांभळे-निळे रंग भुसावळला उतरवले की चित्र परकं दिसतं. पद्धत घ्यायची, पॅलेट म्हणजे त्यांचे ठरलेले रंग घ्यायचे नाहीत. कारण उजेडच वेगळा आहे.

इम्प्रेशनिस्टांच्या सावल्या निळ्या-जांभळ्या असतात, त्यात जादू काही नाही. सावलीत ऊन पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतो, आणि आकाश निळं असेल तर सावली निळसर होते. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस धुऊन गेलेल्या हवेत, हे तंतोतंत जमतं. तेव्हा कपाशीच्या शेताकडेच्या पायवाटेवरही बिनधास्त जांभळी सावली टाका. एप्रिल-मेमध्ये मात्र आकाश धुळीनं पांढुरकं असतं, त्यात खालून तापलेल्या पिवळ्या मातीचा उजेड उलटून सावलीत शिरतो. त्या सावल्या तपकिरी, कोमट असतात. मे महिन्यातली जांभळी सावली ही पॅरिसहून आलेली सावली आहे.

दुसरा फरक सूर्याच्या उंचीचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जळगाव-भुसावळच्या अगदी डोक्यावर येतो. पॅरिसला तो वर्षभरात कधीही ६५ अंशांच्या वर चढत नाही. सूर्य डोक्यावर म्हणजे सावली पायाखाली, आकार सपाट, रंग उडालेले. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात नदीवर जाऊन चित्राचंही भलं होत नाही आणि माणसाचंही.

तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तिकडे तिरका घसरतो. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमाराचा हिशेब केला तर क्षितिजापासून १० अंशांवर आलेला सूर्य मावळायला आपल्या अक्षांशावर साधारण ४३ मिनिटं घेतो, पॅरिसच्या अक्षांशावर ६१. (हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, सूर्य क्षितिजाच्या एक मूठ वर आला की घड्याळ सुरू.) म्हणजे ज्या सोनेरी उजेडासाठी आपण तडफडतो तो मोनेपेक्षा आपल्याला पाऊण पटीहूनही कमी वेळ मिळतो. घाई त्यालाही होती, आपल्याला जास्त आहे. तेव्हा तयारी आधी करावी लागते; ती कशी, ते पुढे.

तापी पश्चिमेला वाहते हे मात्र आपलं भाग्य. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ती थेट सुरतेकडे निघते, त्यामुळे संध्याकाळी पुलाजवळून प्रवाहाच्या दिशेनं तोंड केलं की सूर्य बऱ्यापैकी नदीच्याच रेषेत उतरतो आणि चमकीचा पट्टा पार तुमच्या पायापर्यंत येतो. नाट्यमय दृश्य, पण अवघड. डोळे दिपतात आणि काठ नुसते काळे दिसतात. त्यापेक्षा हिवाळ्यात दक्षिण काठावर बसून उत्तरेकडे बघावं. सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे पाठीमागून डावीकडून. समोरची दरड उजळलेली, तिच्यावर केळीच्या बागा, त्यामागे सातपुडा. सगळे रंग आपापल्या जागी सापडतात.

केळीबद्दल दोन शब्द, कारण रावेर-यावल पट्ट्यात नदी रंगवताना केळी टाळता येत नाही. हिरव्या ट्यूबनं केळ रंगवणाऱ्यांना माझा विरोध आहे. केळीचं पान मेणचट असतं, त्यामुळे वरून ते आकाश परावर्तित करतं आणि निळसर राखी दिसतं. तेच पान सूर्याच्या आड आलं की ऊन त्यातून आरपार येतं आणि ते पिवळ्या-पोपटी रंगानं पेटतं. एकाच पानाच्या दोन बाजूंत थंड आणि उष्ण असा पूर्ण फरक असतो. पिवळा आणि अल्ट्रामरीन कालवून, कधी त्यात पांढरा, कधी चिमूटभर सिएना घालून हे हिरवे बनवा.

सामान आणि हात

तैलरंग खानदेशाला नवे नाहीत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८४०च्या दशकापासून वर्षानुवर्षं केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. गिलची कबर भुसावळला आहे. पण तो बसत होता लेणीतल्या अंधूक, न बदलणाऱ्या उजेडात. नदीवर बसायला आधी रंग पिशवीत टाकता यायला हवा होता. ती सोय जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं १८४१ साली पेटंट घेतलेल्या कथलाच्या दाबायच्या ट्यूबनं झाली. त्याआधी कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. कारखान्यांनी दिलेले नवे रंगही होते: स्वस्तातला कृत्रिम अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा, झळाळता हिरवा व्हिरिडियन.

आपल्याला फार लागत नाही. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन. काळा घरी ठेवा. अल्ट्रामरीन आणि सिएना मिळून पुरेसा गडद होतो, आणि तो मेलेला वाटत नाही. डुकराच्या केसांचे चपटे ब्रश, दोन मोठे, एक मध्यम. बारीक ब्रश जवळ असला की माणूस पानं मोजायला लागतो, म्हणून तो नकोच. कॅनव्हास १० बाय १२ इंचांचा. त्याहून मोठा एका बैठकीत होत नाही. इम्प्रेशनिस्ट पांढऱ्या किंवा फिकट अस्तरावर काम करायचे, पण आपल्या उन्हात कोरा पांढरा डोळ्यात खुपतो. आदल्या दिवशी ॲक्रिलिकचा पातळ ऑकर फिरवून ठेवा; नंतर फटकाऱ्यांच्या फटींतून तोच काठाच्या मातीसारखा डोकावतो. छत्री हवीच, डोक्यापेक्षा कॅनव्हाससाठी. कॅनव्हासवर थेट ऊन असेल तर रंग फार उजळ भासतात, हात आपोआप गडद होत जातो, आणि घरी आणलेलं चित्र काळवंडलेलं निघतं.

मार्चच्या संध्याकाळचं चित्र धरा. साडेचारला जागेवर. आधी काहीही न काढता डोळे बारीक करून बघायचं. तपशील विरघळतात आणि उजेडाच्या तीन-चार पायऱ्या उरतात: आकाश सगळ्यात फिकं, लांबचं पाणी त्याच्या किंचित खाली, जवळचं पाणी आणखी खाली, सावलीतला काठ सगळ्यात गडद. या पायऱ्या बरोबर असतील तर रंग थोडा चुकला तरी चित्र उभं राहतं. उलट होत नाही. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या सिएनानं याच पायऱ्या कॅनव्हासवर मांडायच्या, पंधरा-वीस मिनिटांत. मग पॅलेटवर ढीग कालवून ठेवायचे: आकाशाचे दोन, पाण्याचे दोन, काठाचा उन्हातला आणि सावलीतला, झाडांचे दोन-तीन. सूर्य एक मूठ वर आला की रंग कालवायला वेळ नसतो. तेव्हा फक्त थोडा ऑकर, थोडा क्रिमसन मिसळून ते ढीग संध्याकाळकडे झुकवायचे आणि लावायचे.

लावताना ब्रश भरून घ्यायचा, एकदा ठेवायचा, उचलायचा. ओल्यावर ओलं काम आहे. तोच फटकारा चार वेळा घासला की खालचा रंग वर येतो आणि चिखल होतो. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी ब्रश चिंधीला पुसत राहा. पाण्यात आधी प्रतिबिंबं उभी ओढायची, मग त्यांच्यावरून आकाशाच्या रंगाचे आडवे तुकडे. जवळ रुंद आणि विरळ, लांब जाताना बारीक आणि दाट. हे आडवे तुकडे काटेकोर आडवेच हवेत. जरा कलले की नदी उताराला लागते. चमक सगळ्यात शेवटी, पांढऱ्यात किंचित पिवळा घालून, जाड, आणि मोजकी. पन्नास चमकांपेक्षा सहा चमका जास्त चमकतात.

उजेड बदलला की थांबा. पाचला सुरू केलेल्या आकाशाखाली साडेसहाचं पाणी घातलं की चित्र दोन वेळांत फाटतं. मोने एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडायचा आणि उजेड सरकला की पुढचा हातात घ्यायचा. गवताच्या गंजी, एप्त नदीकाठची पॉप्लरची झाडं यांच्या मालिका अशाच झाल्या. पॉप्लरांची तर १८९१मध्ये तोड होणार होती. चित्रं पुरी होईपर्यंत ती उभी राहावीत म्हणून त्यानं लाकूड व्यापाऱ्याला पैसे दिले. आपण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तिथंच परत जायचं, एवढं तरी करता येतं.

आता वाळण्याबद्दल, कारण इथं गैरसमज फार आहेत. तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल असं कधीच घट्ट होत नाही आणि सरकीचं अर्धवट होतं, म्हणून घरातलं कुठलंही तेल चालत नाही. चटणीच्या जवसाचं घाण्यावरचं तेल वाळतं खरं, पण पिवळं पडतं. चित्रासाठी शुद्ध केलेलं लिनसीड, म्हणजे जवसाचंच तेल, घ्यावं. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ आणि वरचे तेलकट, हा क्रम पाळायचा. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो, आणि मेमधल्या काळ्या मातीसारख्या भेगा पडतात. स्पर्शाला चित्र काही दिवसांत वाळतं, पण वॉर्निश सहा महिने ते वर्षभर थांबून.

वाऱ्याच्या दिवशी ओल्या रंगात धूळ आणि वाळू बसणारच. ती ओली असताना पुसायला जाऊ नका. वाळल्यावर मऊ ब्रशनं बरीचशी झडते. उरली तरी हरकत नाही. मोनेनं १८७० साली त्रुव्हीलच्या किनाऱ्यावर केलेल्या चित्रात वाळूचे कण आजही आहेत, आणि ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत टांगलेलं आहे.

जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून पिशवीत कोंबू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, आणि खानदेशी उन्हाळ्यात बंद पिशवीतला असा बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्याच्या डब्यात टाका किंवा एकेक पसरून वाळवा. ओलं चित्र मोटरसायकलवर न्यायचं असेल तर त्याच मापाचा दुसरा कोरा कॅनव्हास त्याच्या तोंडाशी धरा, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा आणि वरून रबरी पट्टा आवळा. चित्राला काही लागत नाही. कोपऱ्यांत बुचाचे चार डाग पडतात, ते घरी गेल्यावर एका फटकाऱ्यात भरून निघतात.